माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!

प्रोग्रॅम लिहिणं आणि तो रोज चालता ठेवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली मला वर्गात मिळाली, दुसरी होस्टेलच्या मेसने शिकवली.

थर्ड इयरला आम्ही तिघांनी मेससाठी एक छोटं अ‍ॅप्लिकेशन बनवलं. उद्या जेवायला कोण कोण आहे, ते मुलांनी रात्री दहाच्या आत नोंदवायचं. दहाला एकूण आकडा मावशींच्या मोबाईलवर! अ‍ॅप्लिकेशन ठेवलं अ‍ॅमेझॉनच्या ‘इलॅस्टिक बीनस्टॉक’ या सेवेवर. ही सेवा 2011 साली सुरू झाली. आपण फक्त कोड द्यायचा. सर्व्हर उभा करणं, गर्दी वाढली की मशीन वाढवणं हे ती बघते. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग 2016 पासून आहे, म्हणून जवळचा तोच निवडला.

पहिल्याच रात्री आकडा दहाला आलाच नाही. आला पहाटे साडेतीनला! सर्व्हरचं घड्याळ युटीसीप्रमाणे चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. वेळ 22:00 ऐवजी 16:30 लिहायला हवी होती. मावशींनी अंदाजाने कणीक मळली आणि टोपलीभर पोळ्या उरल्या. “पोरांनो, तुमच्या मशीनपेक्षा माझी वही बरी,” त्या म्हणाल्या.

दुसरी चूक याहून मोठी. फीस्टच्या आदल्या संध्याकाळी मेनूचे फोटो बघायला सगळं होस्टेल तुटून पडलं. सेवेने आपणहून दुसरं मशीन जोडलं आणि गर्दी ओसरल्यावर एक काढून टाकलं. काढलेल्या मशीनच्या डिस्कवर चाळीस जणांची नावं होती. आम्ही नोंदी तिथेच फाईलमध्ये ठेवल्या होत्या! फीस्टला ती पोरं ताट घेऊन उभी राहिली. दोष सेवेचा नव्हता, आमचा होता.

संभाजीनगरात राहणाऱ्याला टाकीचं महत्त्व सांगावं लागत नाही. मशीनची डिस्क म्हणजे नळाखालची बादली. ती कोणीही, कधीही उचलून नेईल. साठा गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे स्वतंत्र डेटाबेसमध्येच हवा. तोही बीनस्टॉकच्या एन्व्हायर्नमेंटला बांधू नका. एन्व्हायर्नमेंट काढताना तो सोबत जाऊ शकतो.

ठेच लागून शिकलेल्या आणखी चार गोष्टी:

1. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंगमध्ये ठेवा.

2. ‘हेल्थ चेक’साठी वेगळं पान ठेवा. मुखपृष्ठ उघडलं म्हणजे आतलं सगळं चालतंय असं नाही.

3. नवी आवृत्ती सगळ्या मशीनवर एकदम टाकू नका. आधी वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून बघा, मग दोघांचे पत्ते अदलाबदल करा. काही बिघडलं तर पत्ते पुन्हा फिरवले की जुनी आवृत्ती परत!

4. खर्चाची सूचना ईमेलवर येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा. विसरलेलं मशीनही बिल वाढवतं.

थोडक्यात, पुढे जाण्याआधी मागे कसं यायचं ते ठरवून ठेवा. आता आकडा रोज दहाला येतो. तरी मावशींची वही खुंटीला टांगलेलीच आहे. ती काढू नका, असं आम्हीच त्यांना सांगितलंय.