जमाव, पोलीस आणि परदेशी प्रशिक्षण : उरणचा धडा

आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी शांततेने एकत्र येणे हा लोकशाहीतील नागरिकांचा हक्क होय. आणि तो बजावला जात असताना कोणाच्याही जीवितास धोका पोहोचू नये, हे पाहणे पोलिसांचे कर्तव्य होय. या दोहोंची सांगड घालण्याचे शिक्षण इतर देशांच्या पोलिसांना मिळावे म्हणून संपन्न राष्ट्रे मदत देत आली आहेत. या मदतीचे मोल व मर्यादा जाणण्यासाठी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचा अनुभव उद्बोधक आहे.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. घटनास्थळी असलेले मामलेदार जोशी यांचाही अंत झाला. ते परकीय राज्य होते. परंतु स्वराज्यातही, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, याच तालुक्यात पुन्हा गोळीबार झाला. नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या आंदोलनात पाच शेतकरी प्राणास मुकले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना शासनाने स्वीकारली. प्रश्नाचे उत्तर बंदुकीत नव्हते, ते भूसंपादनाच्या धोरणात होते.

आता परदेशी मदतीकडे पाहू. अमेरिकेने १९५० च्या दशकापासून अनेक देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण व साहित्य पुरविले. काही देशांत या मदतीचा लाभ दडपशाहीस झाल्याची टीका होऊ लागली आणि १९७४ साली अमेरिकी काँग्रेसने असा पैसा देण्यावर बंदी घातली. या बंदीला पुढे काही अपवाद करण्यात आले. तथापि केवळ तंत्र शिकविल्याने पोलीस लोकाभिमुख होत नाहीत, हा धडा कायम राहिला.

भारतात १९७१ साली प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पोलीस प्रशिक्षणात कवायतीबरोबरच जनतेविषयीच्या दृष्टिकोनावर भर दिला. १९९० साली हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बळाच्या वापराची मूलतत्त्वे स्वीकारली : प्रथम अहिंसक उपाय, बळ आवश्यक तेवढेच, आणि जखमींना तातडीने मदत. भारतात १९९२ साली केंद्रीय राखीव पोलीस दलातून दंगल हाताळण्यासाठी शीघ्र कृती दल उभारण्यात आले. उरणच्या शेजारील पनवेल तालुक्यात, तळोजे येथे, त्याची एक तुकडी आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसारही जमावाला पांगण्याचा आदेश देता येतो. तो न पाळल्यास, किंवा जमावाच्या वर्तनातून न पांगण्याचा निर्धार दिसल्यास, बळाचा वापर करता येतो.

संरक्षक साधने, टप्प्याटप्प्याने बळ वापरण्याची पद्धत आणि आचारसंहिता या गोष्टी परदेशातून अवश्य घ्याव्यात. परंतु गावाची ओळख व विश्वास आयात करता येत नाही. भूसंपादनाची नोटीस निघते, त्याच दिवशी बंदोबस्ताची खरी पूर्वतयारी सुरू होते. अशा वेळी तहसीलदाराने ग्रामसभेत जाऊन मोबदल्याचा हिशेब उलगडून सांगावा, सरपंचाने हरकती मुदतीत नोंदवून घ्याव्यात, शिक्षकाने कागदपत्रे वाचून दाखवावीत आणि ठाणे अंमलदाराने पुढाऱ्यांशी बोलणे चालू ठेवावे. ज्या गावात हे घडते, तेथे अश्रुधुराच्या नळकांड्या पेटीतच राहण्याची शक्यता अधिक असते.