पेशीच्या दारावरचा निरोप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पेशीविज्ञानावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु पटकीने धडधाकट माणूस काही तासांत का दगावतो, हे शोधताना मला जे वाचावयास मिळाले ते रहस्यकथेहून कमी नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. रक्तातून येणारे अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक ते ओलांडू शकत नाही. ते बाहेरच एका ग्राही प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन आवरणातून सात वेळा आरपार गेलेले असते. संप्रेरक चिकटताच त्याचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूचे जी-प्रथिन जागे होते. निद्रिस्त जी-प्रथिन जीडीपी नावाचा रेणू धरून बसलेले असते. (अर्थशास्त्राच्या मित्रांनी दचकू नये, त्यांचा जीडीपी निराळा!) जागे होताच ते जीडीपी सोडून जीटीपी धरते. मग त्याच्या तीन घटकांपैकी अल्फा हा घटक सुटा होऊन एका विकराला चालना देतो व पेशीत चक्रीय एएमपी भराभर तयार होऊ लागते. हा पेशीतला दुसरा निरोप्या. त्याच्या शोधासंबंधी सदरलँड यांना १९७१ साली, तर जी-प्रथिनांसाठी गिलमन व रॉडबेल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. निरोप थांबविण्याची सोय निरोप्यातच आहे. अल्फा घटक स्वतःच जीटीपीचे विघटन करून जीडीपी बनवितो आणि पुन्हा झोपी जातो.

पटकीचे विष नेमका इथेच घाला घालते. रोगाचे मूळ जंतूंनी बाहेर टाकलेल्या विषात आहे, हे १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले. आपल्याकडे हे नाव किती जणांना ठाऊक आहे? या विषाचा एक तुकडा आतड्याच्या पेशीत शिरून अल्फा घटकाला असे काही चिकटवून ठेवतो की, त्याला जीटीपी मोडताच येत नाही. निरोप्या ओरडतच राहतो. चक्रीय एएमपी साठत जाते, क्लोराइड बाहेर धावते, त्यामागे सोडियम आणि पाणी. भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात ते यामुळे.

मात्र साखरेबरोबर सोडियम आत घेणारे दुसरे दार या गोंधळातही उघडेच असते! १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजावयास लावले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

बिघडलेले जी-प्रथिन या पाण्याने सुधारत नाही. आतड्याच्या अस्तरातील जुन्या पेशी चार-पाच दिवसांत गळून नव्या येतात. तोवर रोग्याचे पाणी भरून काढीत राहावे लागते.