कृतीपूर्वीचा शिक्का : ‘फकिरा’ आणि ‘उचल्या’

ग्रामीण भागातील गुन्हेगाराच्या सामाजिक पार्श्वभूमीचा विचार करताना दारिद्र्य आणि अज्ञान ही कारणे प्रथम पुढे केली जातात. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन एकत्र वाचले असता आणखी एक कारण ठळक होते. ते म्हणजे कृती घडण्यापूर्वीच माणसावर बसलेला शिक्का.

या शिक्क्याला कायद्याचे अधिष्ठान होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीची नोंद गुन्हेगार म्हणून करण्याची तरतूद केली. पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आणला. हजेरी आणि संचारावरील निर्बंध जन्मावरून वाट्यास येऊ लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला; संशय मात्र गावाच्या व पोलिसांच्या व्यवहारात टिकून राहिला.

‘फकिरा’मध्ये मांग समाजावर लादलेली हजेरी ही अपमानाची खूण म्हणून येते. दुष्काळात माणसे उपाशी मरत असताना फकिरा धान्य लुटतो. सरकारदप्तरी दरोडेखोर ठरलेला हा माणूस वाचकाच्या दृष्टीने वीर ठरतो, कारण त्याची लूट इतरांच्या जगण्यासाठी असते.

‘उचल्या’मध्ये या उदात्ततेला जागा नाही. समाजाने दिलेले हिणकस नावच येथे ग्रंथाचे शीर्षक झाले आहे. चोरी हा पोट भरण्याचा व्यवसाय असून मुलांना हातचलाखीबरोबर मार सोसण्याचेही शिक्षण मिळते. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला स्वकीयांचाच विरोध होतो. बाहेरचा अविश्वास आणि आतली भीती मिळून सुटकेची वाट अरुंद करतात.

या दोन कलाकृतींचे अध्यापन करताना एक सावधगिरी आवश्यक ठरते. फकिराचे वीरत्व ‘उचल्या’तील माणसांवर लादता येत नाही. बाजारात ज्याचा खिसा कापला जातो तोही पुष्कळदा गरीबच असतो. त्याचे नुकसान पार्श्वभूमीच्या विवेचनाने भरून निघत नाही. सामाजिक पार्श्वभूमी गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. गुन्ह्याच्या जबाबदारीत कायदा, गाव आणि पोलीस यांचा वाटा किती, हे ती दाखविते. ‘उचल्या’चे वाङ्मयीन मोल या वाट्याच्या निर्भीड हिशेबात आहे.