टाकव्यातली खारी टाकी आणि अर्चिन

आंदर मावळात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर समुद्र आपणच बनवावा लागतो. टाकवे बुद्रुकमध्ये बोअरचं पाणी जड. ते आधी आरओतून आणि मग डीआयच्या गाळणीतून काढायचं. टीडीएस शून्यावर आला की त्यात रीफचं मीठ विरघळवायचं आणि विशिष्ट घनता १.०२५ भरली की मगच टाकीत ओतायचं. मासे या पाण्यात चांगले जगतात. त्यामुळे आपल्याला जमलं असं वाटायला लागतं आणि मग अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यावर मन जातं.

तसं मन जाण्याला कारणही आहे. दगडांवर केसाळ शेवाळ माजलं की अर्चिनसारखा साफ करणारा दुसरा प्राणी नाही. त्याच्या तोंडात पाच दातांचा एक सांगाडा असतो, ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात त्याला. त्यानं तो दगड खरवडून काढतो. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन साथीनं बहुतांश मेले, तेव्हा तिथले प्रवाळ शेवाळाखाली गेले. इतकं या प्राण्याचं काम मोठं आहे.

माझी टाकी ऐंशी लिटरची, त्यात मासे आणि एक अर्चिन. मे महिन्यात आम्ही काही दिवस गावाला होतो. त्या कोरड्या उन्हात पाणी उडत राहिलं. मीठ मात्र उडत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत गेलं. पातळी उतरलेली पाहून शेजारच्या एका काकांनी मायेपोटी साठवलेलं शुद्ध पाणी अर्धी बादली एकदम टाकीत ओतलं. पातळी पूर्ववत झाली. माशांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाळूवर काटे विखुरलेले होते आणि अर्चिन काचेवरून सुटून खाली पडला होता. संध्याकाळपर्यंत पाण्याला वास येऊ लागला, अमोनियाची चाचणी हिरवी झाली आणि माशांचीही धडपड सुरू झाली. त्यांना वाचवायला निम्मं पाणी बदलावं लागलं.

यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. मासा अंगातलं मीठ आणि पाणी यांचा तोल राखतो, त्यासाठी त्याला मूत्रपिंड आणि कल्ले आहेत. अर्चिनला तशी सोय नाही. बाहेरचं पाणी जितकं खारं, जवळजवळ तितकंच त्याच्या अंगातलं. त्याचे नळीसारखे पाय चालतात तेही आतल्या पाण्याच्या दाबावर. म्हणून काही मिनिटांत क्षारता बदलली की त्याच्या प्रत्येक पेशीला धक्का बसतो. १.०२८ वरून १.०२५ वर येणं वाईट नव्हतं, पण ते दोन-तीन दिवसांत व्हायला हवं होतं.

म्हणून अर्चिन आणण्याआधी फ्लोट स्विचवर चालणारा छोटा पंप बसवा. पाणी उडेल तसं तो थेंबाथेंबानं शुद्ध पाणी भरतो. टाकीवरच्या दिव्यापेक्षाही ही वस्तू आधी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात मावळातली हवा इतकी दमट असते की पाणी जवळजवळ उडतच नाही आणि उन्हाळ्यात रोज लिटरभर जातं. तेव्हा ऋतू पालटताना रिफ्रॅक्टोमीटरनं रोज मोजावं. हिवाळ्यात रात्री बऱ्याच थंड होतात, त्यामुळे हीटर हवाच. तापमान २४ ते २६ अंशांच्या आत राहू द्या. नवा अर्चिन आणला की पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी बारीक नळीनं थेंबथेंब सोडत तासभर तरी द्या आणि त्याला हवेत उचलू नका, पाण्यातूनच भांड्यात घ्या. माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध त्या टाकीत कधीही घालू नका, अर्चिनला ते विष आहे.

आता जात निवडण्याबद्दल. लांब काळे काटे आणि पाच पांढरे ठिपके असलेला डायडेमा दुकानात मोहात पाडतो, पण त्याचे काटे वीतभर वाढतात, विषारी असतात आणि ऐंशी लिटरच्या टाकीत त्याला वळायलाही जागा राहत नाही. आखूड काट्यांचा, निळ्या पट्ट्यांचा मेस्पिलिया छोट्या टाकीला चालतो. पण तो सैल ठेवलेले तुकडे डोक्यावर घेऊन हिंडतो, म्हणून सगळं पक्कं चिकटवा. शेवाळ संपलं की तो उपाशी राहतो आणि उपाशी आहे हे दाखवत नाही. वाळवलेलं नोरी शेवाळ क्लिपनं काचेला लावून ठेवा आणि तो ते खातो की नाही यावर लक्ष ठेवा. टाकी नवी असेल, दगडांवर अजून काही उगवलेलं नसेल, तर सहा महिने थांबा.

दगडांचंही पाहून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. दुकानात जिवंत खडक म्हणून मिळणारा तुकडा पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. म्हणून सिरॅमिकचे दगड घ्यावेत, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू त्यांवरही वसतात. मालवणला गेलात तर तिथून अर्चिन उचलून आणू नका. तिथला सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे.

जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते. ती तासनतास येत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. छोट्या टाकीत प्राणवायू लवकर संपतो. सेलवर चालणारा हवेचा पंप टाकीजवळच ठेवा, कपाटात नको. आणि कधी काटे गळताना दिसले, तर वाट पाहू नका. आधी क्षारता, मग अमोनिया मोजा. अर्चिनला त्याच टाकीचं पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात, हवेच्या पंपासह ठेवा, टाकीच्या फिल्टरमध्ये ताजा कार्बन घाला आणि चौथा हिस्सा पाणी बदला, तेही आधी कालवून, तितक्याच क्षारतेचं आणि तितक्याच तापमानाचं. नळीचे पाय अजून भांड्याला चिकटत असतील तर आशा आहे.