पॅरट माशाची मेस

मेसच्या जेवणाबद्दल तक्रार करायला आपल्याला तोंड तरी आहे. पण ज्याचं तोंडच नीट मिटत नाही, त्यानं काय करावं? मी बोलतोय ब्लड पॅरट या केशरी माशाबद्दल.

सेकंड इयरला असताना आमच्या घरच्या टाकीत असे दोन मासे होते. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं. सकाळी बाबा दाणे टाकायचे, दुपारी आजी, संध्याकाळी चुलतभाऊ. काचेपाशी माणूस दिसला की मासे तोंड वासून यायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, "बिचारे उपाशीच आहेत!" चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. भाऊबीजेच्या सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. तो भुकेनं नाही, आमच्या लाडानं गेला.

असं का झालं, ते नंतर वाचून कळलं. हा मासा निसर्गात सापडत नाही. १९८६ च्या सुमारास तैवानमध्ये दोन वेगळ्या सिक्लिड माशांच्या संकरातून तो तयार झाला. त्याचं तोंड म्हणजे एक उभी, अरुंद फट. ते पूर्ण मिटत नाही, म्हणून खाणं तो घशातल्या दातांनी चिरडतो. साहजिकच तो सावकाश खातो, बरंच सांडतो, आणि सांडलेलं तळाशी कुजतं.

आता थोडी केमिस्ट्री. कुजलेल्या अन्नातून आणि माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण त्यांची कपॅसिटी ठरलेली! लोड वाढला की अमोनिया साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. पाणी कोमट आणि पीएच जास्त असेल तर तो अधिकच विषारी.

तेव्हा या माशाच्या मेसचे नियम असे :

१) हळूहळू बुडणारे बारीक दाणे द्या. मोठे दाणे त्याच्या तोंडात मावत नाहीत.

२) दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं लगेच काढून टाका.

३) अधूनमधून ब्लडवर्म, किंवा साल काढून कुस्करलेला उकडलेला मटार. मटारानं पोट साफ राहतं. बिस्किट, पोळी, चिकनचे तुकडे अजिबात नकोत.

४) आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरिन घालायला विसरू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. नाहीतर क्लोरिननं कामाचे जिवाणूच मरतात.

५) गावाला जाताना शेजाऱ्याच्या हाती अख्खा डबा देऊ नका. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस सहज उपाशी राहतो. जास्त दिवस जाणार असाल तर रोजच्या पुड्या बांधून ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचं, वाढपी एकच हवा! आमच्या टाकीवर आता एक कागद चिकटवलाय : सकाळ, संध्याकाळ. दाणे टाकले की टिक करायची. लॅबच्या लॉगबुकसारखंच.

दुसरा मासा अजून आहे. मी सुट्टीत घरी गेलो की तो तसाच तोंड वासून काचेपाशी येतो. आजी म्हणते, "अरे, बघ तरी, भूक लागलीय त्याला." मी आधी कागद बघतो.