गहू बंद, पण भाकरी चालू!

मित्रांनो, एखाद्याचं पोट सारखं बिघडतं, वजन उतरतं, रक्त कमी भरतं. आपण म्हणतो, "याला मेसचं जेवण मानवत नाही." पण दरवेळी दोष मेसचा नसतो. कधी कधी कारण पोळी असते, आणि आजार असतो सिलिॲक.

हा आजार काय आहे?
कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. काही जणांच्या शरीरात आनुवंशिक कल असतो. ग्लुटेन पोटात गेलं की त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडने हास यांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं आणि मुलं सुधारली. आपल्या जळगावची मान उंचावली असती! पण गुण केळ्याचा नव्हता, त्या आहारात ब्रेड नव्हता याचा होता. खरा दोषी गहू, हे डच डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं.

आधी तपासणी
शंका आली म्हणून लगेच गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत आजार सापडत नाही. डॉक्टरांकडे जा. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि बहुधा एंडोस्कोपी करतात. आजार ठरला तर उपाय एकच : ग्लुटेन जन्मभर बंद.

मग खायचं काय?
पाकिटातला ग्लुटेन-फ्री ब्रेड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. पण जळगाव-धुळ्यात त्याची गरजच काय? दादरची नाहीतर बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, भात, डाळी, अंडी, केळी हे सगळं चालतं. भगर, साबुदाणा, राजगिरा हे उपवासाचे पदार्थही चालतात. वरण-बट्टी आणि मांडे मात्र बंद.

इथे फसगत होते
१. गिरणी : गव्हानंतर ज्वारी दळली की पिठात गहू येतोच. ज्वारी निवडून, जिथे गहू दळत नाहीत अशा घरघंटीवर दळा.
२. हिंग : बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे साधं वरणसुद्धा चालत नाही! डबीवरचं वाचा.
३. तवा आणि तेल : पोळीच्या तव्यावरची भाकरी, कचोरीच्या तेलात तळलेली शेव टाळा.
४. रवा, मैदा, शेवया, जव, सातूचं पीठ : सगळं बंद.
५. पाकीट : आपल्याकडच्या नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

मेस कमिटीला विनंती
अशा विद्यार्थ्यासाठी एक तवा, एक परात आणि पिठाचा एक डबा वेगळा ठेवा. भाकरी पोळ्यांच्या आधी करा, वरण हिंग घालण्यापूर्वी काढून ठेवा. खर्च फारसा नाही, लक्ष मात्र रोज हवं. आणि मित्रांनो, "एक घास खा रे, काही होत नाही" असा आग्रह करू नका. त्या एका घासानेही त्याचं आतडं पुन्हा दुखावतं.