पाकीट बाजूला ठेव, आधी वाटी-चमचा घे

अगं वेडे, दोघांत कोण बरोबर हे विचारायला रात्री उशिरा एकामागून एक व्हॉइस नोट पाठवल्यास. त्यात सिरियलचं पाकीट आहे, त्यावरची उलटून गेलेली तारीख आहे, नवऱ्याचं ‘तीन आठवड्यांनी काय होतंय’ आहे, तू आंघोळीला गेलीस तेव्हा त्याने गुपचूप भरवलेले चार चमचे आहेत आणि तुझं रडू आहे. पिल्लाच्या पोटात दिवसभरात पाणी किती गेलं आणि लंगोट किती वेळा ओला झाला, हे मात्र एकाही नोटमध्ये नाही. म्हणून आधी तेवढं बोलून घेते. भांडणाकडे मग येऊ.

आठ महिन्यांचं बाळ, कालपासून जुलाब, मधून उलटी, अंगात कणकण. अशा बाळाला खरा धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. एक दिवस सिरियल गेलं नाही म्हणून फार बिघडत नाही, पाणी गेलं नाही तर सकाळचं हसरं बाळ संध्याकाळी मलूल पडतं. तर अंगावरचं दूध चालूच ठेव, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाज. प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस, पन्नास ते शंभर मिली, वाटी-चमच्याने. बाटलीने गटागटा नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. एक लिटरची पुडी असेल तर ती एक लिटर पाण्यातच घालायची, उकळून गार केलेल्या. ‘अर्धी पुडी, अर्धा तांब्या’ असं अंदाजपंचे करू नकोस. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि एवढ्याशा जिवाला ते बाधतं. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. आणि हो, सिरियलच्या तारखेवरून घर डोक्यावर घेतलंत, पण ओआरएसच्या पुडीवरची तारीख पाहिलीत का? तीही पाहा. आतली पावडर गोळा झालेली किंवा तांबूस दिसली तर नवीन पुडी आणा.

पुडी आणायला नवऱ्यालाच पाठव, पण नीट सांगून पाठव. मेडिकलच्या दुकानात ओआरएससारखं नाव लावलेले गोड पाण्याचे टेट्रापॅक वर्षानुवर्षं मिळत होते. त्यातल्या कित्येकांत साखर भरपूर आणि क्षार अपुरे. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला बंदी घातली, तीही एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी काही वर्षं नेटाने पाठपुरावा केल्यावर. तरी दुकानाच्या मागच्या फळीवर जुना माल असू शकतो. ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ छापलेली साधी पुडी माग म्हणावं. चव बेताचीच असते आणि पिल्लू तोंड वाकडं करील, करू दे.

तुझ्या इंजिनीअरला कोणी ‘असं कर’ म्हटलेलं चालत नाही, त्याला आकडे लागतात. मग त्याला हे सांग. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि ते पाणी आपापल्या माणसाला पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. तिथे पाजणारे हात आईबापांचेच होते. रात्रीच्या वेळी तुम्ही दोघांनी आळीपाळीने तेच करायचंय. पाकिटाचा निवाडा व्हायच्या आधी करायचंय.

डॉक्टर बहुधा झिंक लिहून देतील. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, साधारण चौदा दिवस. शी घट्ट झाली की लोक ते तिसऱ्या दिवशीच बंद करतात, तू करू नकोस. जुलाब थांबवायचं मोठ्यांचं औषध चुकूनही देऊ नका. मागच्या वेळचं अँटिबायोटिकचं सिरप फ्रीजमध्ये उरलेलं असेल तर तेही टाकून दे. पाणी घालून कालवलं की त्याचं आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचं, मग बाटलीवरची एक्स्पायरी पुढच्या वर्षीची का असेना.

आता पाकीट.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे तुला ऐकून घ्यावं लागेल. तारीख उलटली म्हणजे रात्री बारा वाजता पावडरचं विष होत नाही. पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा असतात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या दिवसापर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील ही कंपनीची ग्वाही. त्यानंतर पदार्थ खाण्याजोगा असूही शकतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे यानंतर विकू नका, खाऊ नका. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ही दुसरी तारीख छापावीच लागते, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. तेव्हा बेस्ट बिफोर उलटलेली बिस्किटं त्याने चहात बुडवून खाल्ली तर तू नाक मुरडू नकोस. तिथे तो बरोबर आहे.

पण बाळाच्या खाण्याचा हिशोब वेगळा. ती तारीख बंद पाकिटाची असते, कोरड्या आणि थंड जागी ठेवलेल्या. तुमचं पाकीट फोडलेलं आहे. कधी फोडलं हे तुम्हा दोघांनाही आठवत नाही. फोडल्यावर किती दिवसांत संपवायचं ते पाकिटावरच लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. पावसाळी हवा, त्यातून पाकिटात घातलेला ओला चमचा. अशा पावडरमधली जीवनसत्त्वं हळूहळू कमी होतात, स्निग्धांश खवट होतो, ओल धरली की बुरशी. ‘वास तर चांगला येतोय’ हे त्याचं म्हणणं ऐकून मला हसू आलं. खवटपणा नाकाला कळतो, पण पोट बिघडवणाऱ्या बऱ्याच जंतूंना वासच नसतो.

आणि मला सगळ्यात वजनदार वाटतं ते कारण तुमच्या भांडणात कोणी काढलंच नाही. पिल्लाचं पोट आधीच बिघडलंय. आतड्याच्या आतलं अस्तर सुजलेलं आहे. उद्या जुलाब वाढले तर ते मूळच्या दुखण्याने वाढले की त्या पाकिटाने, हे डॉक्टरांना कसं कळणार? आजारी बाळाच्या पोटात शंकेची वस्तू घातली की दुखण्याचा मागच हरवतो. धडधाकट मूल असतं तर मीही दोन वाक्यांत विषय संपवला असता.

म्हणून माझं मत सरळ आहे: मूल आजारी असताना आईबापांपैकी जो जास्त सावध, त्याचं चालतं. तो बरोबर असतो म्हणून नव्हे. तीनशे-साडेतीनशेचं पाकीट वाया गेल्याचं नुकसान तीनशे-साडेतीनशेचंच असतं, उलट बाजूच्या नुकसानाचा आकडा आधी कोणी सांगू शकत नाही. हा नियम दोन्हीकडून लागू हं. उद्या सासूबाईंनी मध चाटवायला सांगितला, तुला वाटलं बोटभर मधाने काय होतंय आणि तो नको म्हणाला, तर त्याचं चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नकोच, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर, ‘आईच्या नाचणीच्या सत्त्वावर कुठे तारीख असते’ हा त्याचा टोमणा मला आवडला. खरंच कुठे असते? सत्त्व सांगलीहून आलं की डब्यात पडतं आणि दिवाळीपर्यंत पुरतं. घरचं म्हणून त्याला वय नसतं असं नाही. थोडं मागव, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेव, बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिही. पाकिटाला जो न्याय तोच बरणीला, नाहीतर तुझा मुद्दा सासरविरुद्धचा वाटेल.

पावडरच्या दुधावरून हाच वाद व्हायचा असेल तर आत्ताच ऐकून ठेव. ती पावडर निर्जंतुक नसते. क्वचित तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असतो आणि तो तान्ह्या बाळांना फार घातक. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की सत्तर अंशांहून कमी नसलेल्या गरम पाण्यात ती कालवायची, प्यायच्या बेताची निववायची आणि दोन तासांत संपली नाही तर ओतून द्यायची. तारीख उलटलेला डबा तर नकोच.

मग खायला काय द्यायचं? ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवायला कोणी सांगेल. मोठ्यांना लंघन मानवत असेल, आठ महिन्यांच्या बाळाला नाही. मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं वरण, वर थोडं तूप, कुस्करलेलं केळं, ताजं दही. दोन-तीन घास गेले तरी चालतील, तासाभराने पुन्हा विचारायचं. नुसत्या डाळीच्या पाण्यावर ठेवू नकोस, त्यात जीव नसतो. फळांचे डबाबंद रसही नकोत, साखरेने जुलाब वाढतात.

ते चार चमचे गेले ते गेले. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. बहुधा काही होणार नाही, पण लक्ष ठेव. पाकीट रागाच्या भरात कचऱ्यात भिरकावू नकोस, उद्या डॉक्टरांकडे जाताना पिशवीत घाल. काय दिलं, किती वाजता दिलं, हे त्यांना त्यानेच सांगू दे. तू शेजारी बसून ‘मी सांगत होते’ असा चेहरा करू नकोस. तसा चेहरा दिसला की पुढच्या वेळी माणूस सांगायचंच टाळतो, आणि बाळाने काय खाल्लं हे लपवलं जाणं त्या पाकिटाहून वाईट.

सकाळची वाट न पाहता निघायचं कधी, तेही ऐक. सहा तासांत लघवी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शीमध्ये रक्त, काही प्यायलं की लगेच उलटून पडतं, किंवा हाक मारली तरी बाळ झापडीत. यातलं एक जरी दिसलं तर ओला-उबर शोधत बसू नका, शेजारच्यांची बेल वाजवा आणि त्यांची गाडी काढायला सांगा. बाळ नीट गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेव.

नवऱ्याशी गुपचूप भरवण्याबद्दल बोलायचंय, ते बोलच. पण पिल्लू खडखडीत झाल्यावर, आणि जुन्या उधाऱ्या न काढता. त्याच्या घरी चार भावंडांत एक डबा पुरवायचे, ताटात शीत उरलं तर धपाटा बसायचा. पाकीट टाकताना त्याच्या पोटात तुटतं ते खरंच तुटतं, तो तुझा शब्द पाडायला बसलेला नाही. ‘मला न विचारता दिलंस याचा राग आहे, पाकिटाचा नाही,’ एवढं एक वाक्य धरून बोल. आईला आणि सासूबाईंना त्यात घेऊ नकोस. मलाही नको खरं तर, पण आता घेतलंच आहेस.

आणि ऑफरमधलं जे दुसरं पाकीट कपाटात आहे, त्याची तारीख अजून तीन महिने पुढे आहे म्हणतेस. ते आत्ता फोडू नका. पोट ठिकाणावर आलं, दोन दिवस शी नीट झाली की फोडा, आणि फोडल्या दिवशीच मार्करने पाकिटावर तारीख घाला. ते काम त्याला दे, त्याचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.